गडदला गडद

कैवल्यने माझी माफी मागितली ती वलय काढण्याच्या आधी. वलय काढल्यानंतर त्याने ती पुन्हा मागितली नाही. तशी गरजच त्याला उरली नाही.

आता शाळकरी पोरांनासुद्धा वलय म्हणजे काय ते ठाऊक असतं. मी सांगलीत बीएस्सी करत होते तेव्हा मात्र हा शब्द झाडाच्या खोडापुरताच होता. माझा विषय केमिस्ट्री. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी फॅट आणि भेसळ तपासते. त्यामुळे मला जेवढं कळलंय तेवढं माझ्या भाषेत सांगते.

दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं पांढरं कवच, एकदम तयार होत नाही. मूल पोटात असल्यापासून ते जबड्याच्या आत थराथराने साचत जातं. पक्के दात तोंडात दिसायच्या कितीतरी वर्षं आधी हिरडीखाली घडत असतात. मोडलेलं हाड जुळतं, खरचटलेल्या जागी नवी कातडी येते, पण एनॅमल एकदा साचलं की शरीर पुन्हा त्याला हात लावत नाही. ताप आला, उपासमार झाली, तर त्या दिवसांचा थर कच्चा राहतो आणि तिथे रेघ उमटते. हे जुनंच ज्ञान. नवं निघालं ते असं की भीतीची रेघ वेगळी ओळखता येते. मूल घाबरतं तेव्हा रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि त्याचा अंश त्या दिवसाच्या थरात अडकून बसतो. तापाच्या रेघेत कॅल्शियम कमी पडलेलं असतं. भीतीच्या रेघेत कॅल्शियम ठीक असतं, कॉर्टिसॉल जास्त. पेनाएवढी एक कांडी दाढेला टेकवली की पडद्यावर त्या माणसाचं बालपण थरांनिशी दिसतं. भीती जास्त असेल तर वलय गडद, कमी असेल तर फिकट.

कोणी घाबरवलं, का घाबरवलं, हे कांडी सांगत नाही. पुढे त्या मुलाने मोठं होऊन काय केलं, हे तर मुळीच नाही. पण लोकांना कांडीने न सांगितलेलंच जास्त ऐकू आलं.

सुरुवातीला तिचा उपयोग चांगलाच झाला. अनाथालयातल्या कुठल्या मुलाला जास्त जपायला हवं ते कळायला लागलं. मग एका खटल्यात आरोपीचं वलय दाखवलं गेलं, त्याची शिक्षा कमी झाली आणि पुढे कायदाच आला. गडद वलयाच्या माणसाला 'सवलत' मिळते. शिक्षेच्या जागी समुपदेशन, नावावर कसलीही नोंद नाही. हाताखालच्या लोकांवर खेकसणारे साहेब खिशात वलयाचं कार्ड बाळगायला लागले. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाने नासलेल्या दुधाचे नमुने पास केले आणि चौकशीत कार्ड पुढे केलं. त्याचे वडील पीत असत हे खरंच होतं. दूध नासलेलं होतं हेही.

लग्नाच्या बाजारात उलटं झालं. तिथे सगळ्यांना फिकट वलयाचं स्थळ हवं. गडदवाल्यांची लग्नं अडायला लागली तेव्हा मंगळाच्या जुन्या हिशेबाने तोड निघाली : गडदला गडद चालतं. एकाचा दोष दुसऱ्याने कापला जातो. हे कोणी ठरवलं कोणास ठाऊक, पण पाहुण्यांच्या बैठकीत बायका ते अगदी शास्त्र सांगावं तसं सांगायच्या. माझं आणि कैवल्यचं लग्न या सगळ्याच्या जरा आधी झालं. आमच्या दाढा कोणी बघितल्या नाहीत. आम्ही एकमेकांना आवडलो होतो.

कैवल्य द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करतो. बारीक स्क्रू चिमटीत धरणारे हात. आमच्या लेकीला, पर्णिकाला, तो धिरड्यांचे हत्ती करून द्यायचा, तिच्या बाहुल्यांना एकेकीला वेगळा आवाज द्यायचा. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, बाप असावा तर असा. मी पण म्हणायचे. माझी दुपारची पाळी असली की पर्णिका त्याच्याजवळ असे आणि मी निर्धास्तपणे दुधाच्या नळकांड्या हलवत असे. निर्धास्त म्हणजे माझ्या मानाने. मी तशी सतत बघत राहणारी बाई आहे. कोणाचा आवाज अर्धा सूर वर गेला तरी मला कळतं.

पण घरात नसताना काय कळणार?

त्या दिवशी यंत्र बिघडलं म्हणून मी लवकर घरी आले. पर्णिका सोफ्यावर बसून आइस्क्रीम खात होती. जेवायच्या आधी आइस्क्रीम हा आमच्या घरात गुन्हा. ती माझ्याकडे धावत आली नाही. शांतपणे चमचा चाटत म्हणाली की बाबांनी बाथरूममध्ये अंधार केला.

आमच्या बाथरूमची कडी बाहेरून आहे, दिव्याचं बटणही बाहेर. मी कैवल्यकडे बघितलं. त्याने काही लपवलं नाही. ती ऐकतच नव्हती, ताट ढकलून दिलं, किंचाळत होती, त्याच्या डोक्यात काहीतरी झालं, असं सांगता सांगता तो रडायला लागला. माझे पाय धरायला वाकला. "माझं चुकलं, ऋजू," तो म्हणाला. "माझंच चुकलं." किती वेळ, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, थोडाच.

मी पर्णिकाला घेऊन मिरजेला मम्मीकडे गेले.

पुढे हे प्रकरण रीतसर 'कुटुंब सलोखा मंडळा'कडे गेलं. मुद्दा एकच होता : पर्णिकाने शनिवार-रविवार बापाकडे एकटं राहायचं की नाही. घोरपडे मॅडम मंडळाच्या प्रमुख. साठीच्या, मऊ बोलणाऱ्या, आल्यागेल्याला आधी पाणी विचारणाऱ्या. त्या म्हणाल्या, आधी दोघांचं वलय काढू, नियमच आहे.

कैवल्यचं आधी काढलं. पाचव्या वर्षापासून पुढे पडद्यावर काळ्या रेघांची दाटी. अण्णा, म्हणजे माझे सासरे, विट्याला मुख्याध्यापक होते. वारले तेव्हा अर्धं गाव स्मशानात होतं. ते चिडले की कैवल्यला मागच्या अंगणातल्या लाकडांच्या खोलीत कोंडायचे. त्याने हे मला लग्नानंतर एकदा हसत हसत सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी ताबडतोब विषय बदलला होता. आता पडदा बघून त्याच सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की लेकराने फार सोसलं. घोरपडे मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले. खोटं कशाला सांगू, माझेही भरून आले. पाच वर्षांचं पोर, लाकडांत विंचू असतील म्हणून पाय वर घेऊन बसलेलं. मला ते स्पष्ट दिसलं.

मग माझी पाळी. मी निवांतपणे तोंड उघडलं. माझे पप्पा परगावी नोकरीला होते, मम्मी शाळेत शिक्षिका, घरात कधी कोणी मला चापटसुद्धा मारली नाही. कांडी धरणाऱ्या मुलीने पडद्याकडे बघितलं, कांडी पुसली आणि पुन्हा लावली. मग तिने मॅडमना जवळ बोलावलं.

पहिल्या वाढदिवसापासून तिसऱ्यापर्यंत माझं वलय जवळजवळ सलग काळं होतं. कैवल्यपेक्षा गडद.

खोलीतली हवा बदलली. घोरपडे मॅडमचा आवाज मऊच राहिला, पण दुसऱ्या तऱ्हेने. मुलीजवळ एकट्या असता तेव्हा हात उचलावासा वाटतो का, झोप नीट लागते का, राग गिळता का. हे प्रश्न कैवल्यला कोणी विचारले नव्हते. त्याच्या काळ्या रेघांचा अर्थ निघाला होता, याला समजून घ्या. माझ्या काळ्या रेघांचा अर्थ निघाला, हिच्यापासून सावध राहा. आणि मी तर काही केलंच नव्हतं.

मग त्यांनी नियम समजावून सांगितला. दोन्ही पालक गडद असतील आणि मी होकार दिला, तर प्रकरण सवलतीत मिटतं. दोघांची वलयं एकमेकांना कापतात, कोणावर ठपका नाही, पर्णिका शनिवार-रविवार बापाकडे. मी नकार दिला तर दोघंही जोखमीचे पालक ठरतात. त्याच्या भेटी देखरेखीखाली होतील, आणि माझ्या घरीही वर्षभर निरीक्षक येईल, न सांगता, केव्हाही. निरीक्षकाला वावगं दिसलं तर मुलगी माझ्याकडून काढून घेता येते.

सासूबाई म्हणाल्या, चला, गडदला गडद, जुळतंय की. त्यांना बरंच वाटलं होतं.

विचार करायला मुदत मिळाली. मी मिरजेला परतले. मम्मी मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं की मी लहान असताना काय झालं होतं. काही नाही, ती म्हणाली. तू तर शहाण्यासारखी होतीस, कधी रडली नाहीस. मी तिला वलयाचं सांगितलं. तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

मग तिने सांगितलं. पप्पा बाहेरगावी, तिची शाळा सकाळची. वरच्या मजल्यावरच्या एक बाई मुलं सांभाळायच्या. मी घ्यायला यायचे तेव्हा तू गप्प बसलेली असायचीस, मम्मी म्हणाली, मला वाटायचं छान रमते पोरगी. मग एक दिवस शाळा लवकर सुटली आणि ती लवकर गेली. त्या बाई बाजारात गेल्या होत्या. माझा पाय ओढणीने पलंगाला बांधलेला होता आणि मी दाराकडे बघत बसले होते.

"रडत नव्हतीस गं," मम्मी म्हणाली. "नुसती बघत होतीस."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पण जिला मी आयुष्यभर माझा स्वभाव समजत आले, ती ही सतत बघत राहण्याची खोड, तिला आता कारण मिळालं. कारण मिळाल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट मी स्वतःवरच नजर ठेवायला लागले.

पर्णिकाचे केस फार गुंततात. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना ती ओरडली, मान हिसडली, कंगवा अडकला, आणि मी तो ओढला. फार नाही. पण ओढला. मग मी माझ्या हाताकडे बघत राहिले. हा ओढणारा हात माझा की त्या दोन वर्षांचा? कंगवा ठेवून मी आत निघून गेले. त्यानंतर वेण्या मम्मी घालायची. आंघोळही मम्मीच घालायला लागली. मी पर्णिकाला हात लावताना मनात परवानगी मागायला लागले, आणि ती पोरगी इतकी हुशार की तिने मला बोलावणंच सोडलं. ती सरळ आजीकडे जायची.

आणखी एक गोष्ट मी बघितली होती. कुकरची शिट्टी झाली की पर्णिका हातातलं खेळणं खाली ठेवायची आणि जवळच्या दारापाशी जाऊन उभी राहायची. हात खाली सोडलेले, तोंड दाराकडे. मम्मी म्हणायची, आवाजाला घाबरते. मला ते पटत नव्हतं. घाबरलेलं मूल कान झाकतं, आईला बिलगतं. ही वाट बघत असल्यासारखी दिसायची. कशाची, ते मात्र मला कळेना. विचारलं तर मान हलवायची.

कैवल्यचा फोन यायचा. त्याचा आवाज आता स्थिर झाला होता. माझं चुकलं हे वाक्य गेलं होतं, त्याच्या जागी दुसरं आलं होतं, माझ्या बाबतीत असं घडलं होतं. दोन्ही वाक्यं खरीच होती. पण पहिलं बोलताना तो माझ्याकडे बघायचा, आणि दुसरं बोलताना आम्ही दोघांनी मिळून त्याच्याकडे बघायचं असायचं. एकदा तो म्हणाला, "ऋजू, आपण दोघं सारखे आहोत. तू नाही समजून घेणार तर कोण घेणार मला?"

हे ऐकून मी विरघळले. कोणीतरी माझ्यासारखं आहे, याचा मोह केवढा असतो हे एकटं पडल्याशिवाय कळत नाही. मम्मीचंही तेच टुमणं होतं. होकार देऊन टाक, ती म्हणायची, दोघांचं कापलं जातंय, नाहीतर तुझी पोरगी तुझ्याकडून जाईल आणि माझ्या चुकीपायी जाईल. तिचं रडणं मला बघवेना. आणि खरं सांगायचं तर मला निरीक्षकाची भीती वाटत होती. कंगव्याची गोष्ट मला ठाऊक होती.

त्यामुळे मी मंडळात गेले ती होकार द्यायच्या तयारीनेच. वाटेत मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

मॅडमनी पाणी दिलं. समोर कैवल्य, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, लग्नाआधी हलवायचा तशी. होकार तोंडी द्यायचा असतो, तो ध्वनिमुद्रित होतो. त्याआधी काही विचारायचं असेल तर विचारा, मॅडम म्हणाल्या. ती नुसती रीत होती. मला विचारायचं असं काही नव्हतं. पण गप्प बसणं मला जड गेलं, म्हणून मी विचारलं.

"कडी लावताना तुला आठवलं का रे, आत कसं वाटतं ते?"

त्यात खोच नव्हती. मला वाटलं होतं तो म्हणेल, नाही, त्या क्षणी डोकं बधिर झालं होतं. तेवढं ऐकलं असतं तरी मी होकार दिला असता.

कैवल्यने विचार केला. त्याला खरं बोलायचं होतं, आणि ते मी त्याच्या बाजूने आजही धरते.

"आठवायचं ना," तो म्हणाला. "म्हणून तर मी कधी जास्त वेळ ठेवलं नाही. अण्णा मला दिवेलागणीपर्यंत ठेवायचे. मी कुकर लावायचो. तीन शिट्ट्या झाल्या की लगेच कडी काढायचो."

सासूबाईंनी मान डोलावली. घोरपडे मॅडमचा चेहरा निवळला. त्या मनात वजाबाकी करत होत्या हे मला दिसत होतं. बापाची अख्खी दुपार, मुलाच्या फक्त तीन शिट्ट्या. केवढा सुधारला की मुलगा.

आणि मला मिरजेच्या घरातलं दार दिसलं. त्याच्यासमोर हात खाली सोडून उभी असलेली पर्णिका दिसली. ती शिट्ट्या मोजत होती. तिसरी झाली की दार उघडतं, हे तिला पाठ होतं.

एकदाच घडलेली गोष्ट कोणी अशी पाठ करत नाही.

"किती वेळा?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. नेहमी नाही, म्हणाला. ती फारच हट्टाला पेटली तर. तुझी दुपारची पाळी असली की. मग माझ्याकडे बघून म्हणाला की तीसुद्धा समजूतदार झाली होती, नंतर नंतर रडायचीसुद्धा नाही.

वरच्या मजल्यावरच्या त्या बाईही मम्मीला हेच सांगत असणार.

मॅडमनी यंत्र चालू केलं आणि मला खूण केली. मनात जुळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं.

"माझा नकार आहे," मी म्हटलं.

मॅडमना वाटलं मी गोंधळले. त्यांनी नियम पुन्हा सांगितला, सावकाश, लहान मुलाला सांगावा तसा. निरीक्षक येईल, वर्षभर, तुमचं वलय यांच्यापेक्षा गडद आहे, तुम्हालाच जास्त त्रास होईल. मी म्हटलं की समजलंय मला.

"माझ्यावर माणूस ठेवा," मी म्हटलं. "ठेवायलाच हवा. मला स्वतःची खात्री नाही. पण याच्यावरही ठेवा. कोंडलेल्या अंधारात कसं वाटतं हे या खोलीत याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मलाही नाही, माझं तर मला आठवतसुद्धा नाही. याला माहीत होतं, आठवतही होतं, आणि याने बाहेरून दिवा घालवला. अण्णांचं कारण अण्णांच्या बापाकडे सापडेल. मग पुढे काय? माझ्या मुलीने तिच्या लेकराला एका शिट्टीत बाहेर काढायचं, एवढीच का सुधारणा?"

कैवल्यने माझ्याकडे बघितलं. मला तो पुन्हा पाच वर्षांचा दिसला, दाराच्या फटीतून बघणारा, आणि आतून कडी काढता येत नाही हे कळलेला. मला त्याची दया आली. आजही येते. दया आली म्हणून मी नकार मागे घेतला नाही, आणि नकार दिला म्हणून दया गेली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो एवढंच म्हणाला की मला वाटलं होतं तुला कळेल. मी म्हटलं, कळलंय, म्हणूनच.

बाहेर व्हरांड्यात सासूबाईंनी मला गाठलं. "स्वतःचं वलय आमच्यापेक्षा काळं आणि तोंड बघा केवढं वर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. लाकडांच्या खोलीची कडी त्याही बाहेरून काढू शकत होत्या, आणि माझ्या समोर उभं राहून त्यांना आता तेच आठवत असावं. किंवा नसावं. तिथे कांडी लावता येत नाही.

कैवल्यला रविवारी मंडळाच्या खोलीत भेट मिळाली, देखरेखीखाली. मी सांगलीत विश्रामबागेजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं. कामाची पाळी बदलून सकाळची करून घेतली. आणि वाट बघत राहिले. दारावरची बेल वाजली की मी आधी घरभर नजर फिरवायचे, मग दार उघडायचे. दूधवाला असला तरी.

जस्मिन शिकलगार पहिल्यांदा आली ती नेमकी नको त्या वेळी. संध्याकाळ, मी पहाटेपासून उठून दमलेली, पर्णिका शाळेतून आल्यापासून चिडलेली. माझ्याहून लहान मुलगी होती जस्मिन, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तुमचं चालू द्या ताई, मी नाहीच असं समजा, असं म्हणून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली. ती नाहीच असं कसं समजणार? मी भाकरी थापायला घेतली तर पिठाला पाणी जास्त झालं.

पर्णिकाला वरणभात नको होता. तिला नूडल्स हवे होते. नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, वाटी पुढे पुढे सरकवली आणि ओट्यावरून खाली ढकलली. वरण फरशीवर, माझ्या पायांवर, फ्रिजच्या दारावर.

माझी कानशिलं तापली. हातातला पिठाचा गोळा मी घट्ट आवळला, इतका की तो बोटांतून बाहेर आला. कोपऱ्यात टॅबवर बोट टेकल्याचा बारीक आवाज झाला. ती बघत नसती तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला, नंतरही विचारला, आणि मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. माझा आवाज चढला एवढं खरं. मी म्हटलं, पर्णिका, मला आत्ता खूप राग आलाय. मग हातातलं पीठ परातीत सोडलं.

पर्णिका टक लावून माझ्या हातांकडे बघत होती. काही झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने कोपऱ्याकडे बोट केलं.

"ही कोण?"

जस्मिनने मान वर केली नाही. मला पाहुणी आहे असं म्हणता आलं असतं.

"ही माझ्याकडे बघायला आलीय," मी म्हटलं.

"का?"

"मी तुझ्याशी नीट वागते का ते बघायला."

पर्णिकाने यावर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, बाप घालतो तशा. मग ती गेली, बाहेरच्या खोलीतून तिचं प्लॅस्टिकचं स्टूल फरफटत घेऊन आली आणि जस्मिनच्या खुर्चीला लावून ठेवलं. त्याच्यावर बसली. दोन्ही हात मांडीवर.

"मग मी पण बघते," ती म्हणाली. "तू ओरडलीस ना, तर मी हिला सांगीन."

माझ्या पोरीने आजवर कोणाचं काही कोणाला सांगितलं नव्हतं. इतक्या दुपारी गेल्या तरी आइस्क्रीम खाता खाता एकदाच काय ती बोलली होती. मीही माझ्या वेळी सांगितलं नव्हतं. मला तर तेव्हा नीट बोलताही येत नसेल.

"सांग," मी म्हटलं. "नक्की सांग हं."

ती मान हलवून सरसावून बसली. मी फडकं ओलं केलं, त्या दोघींच्या समोर खाली बसले आणि फरशीवरचं वरण पुसायला लागले.